दुकानातलं म्युझिक आणि आपली खरेदी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानवाले, दुकानात काम करणारे आणि नुसते खरेदीला जाणारे असे तिन्हीकडचे लोक या विषयावर फिरून फिरून तेच प्रश्न पाठवतात, म्हणून सगळे एका जागी आणले. आधी साधे प्रश्न आणि पुढे अडचणीचे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आधीच सांगितली असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. दुकानात गाणी लावल्याने खरंच काही फरक पडतो का, की नुसती हवा आहे?

फरक पडतो, पण लोक सांगतात तेवढा नाही. २००६ मध्ये गार्लिन आणि ओवेन या दोन संशोधकांनी तोपर्यंत झालेले ३२ अभ्यास एकत्र घेऊन हिशोब मांडला, त्यात परिणाम लहान ते मध्यम निघाला. म्युझिक असलं की लोकांना जागा जरा बरी वाटते, आणि लय संथ, आवाज कमी आणि गाणी ओळखीची असली की लोक किंचित जास्त वेळ थांबतात. त्यातला "किंचित" हा शब्द विसरू नका. ज्याला दूध घ्यायचंय तो दूधच घेणार, गाण्यामुळे फ्रिज घेऊन घरी जाणार नाही. पण जो माणूस अजून ठरवतोय, दोन वस्तू हातात धरून उभा आहे, किंवा काही नक्की न ठरवता नुसता फिरतोय, त्याच्या बाबतीत पारडं थोडंसं इकडचं तिकडे होऊ शकतं. दुकानाचा धंदा अशा थोड्याथोड्यावरच चालतो म्हणून हा विषय महत्त्वाचा.

२. मला तर दुकानातून बाहेर आल्यावर आठवतही नाही की गाणं चालू होतं, मग माझ्यावर परिणाम कसा होईल?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर देणारा एक अभ्यास मला फार आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एड्रियन नॉर्थ, डेव्हिड हारग्रीव्ज आणि जेनिफर मॅकेंड्रिक यांनी इंग्लंडमधल्या एका सुपरमार्केटमध्ये वाइनचा एक रॅक लावला. चार फळ्या, प्रत्येक फळीवर एक फ्रेंच वाइन आणि एक जर्मन वाइन, दोघींची किंमत आणि गोडी जवळपास सारखी, शेजारी आपापल्या देशाचा छोटा झेंडा. वरच्या फळीवर टेप ठेवलेला. एक दिवस त्यावर फ्रेंच अ‍ॅकॉर्डियन वाजायचं, दुसऱ्या दिवशी जर्मन बियर हॉलमधला बँड, असं दोन आठवडे आलटून पालटून. आणि बाटलीच्या जागेमुळे फरक पडायला नको म्हणून मध्यावर बाटल्यांच्या जागाही बदलल्या.

फ्रेंच म्युझिकच्या दिवशी फ्रेंच वाइनच्या ४० बाटल्या गेल्या आणि जर्मन ८. जर्मन म्युझिकच्या दिवशी जर्मन २२ आणि फ्रेंच १२. म्हणजे फ्रेंच वाइन तशीही जास्त खपत होती, पण म्युझिक बदललं की पारडं चक्क उलटं झालं. नंतर ४४ ग्राहकांना विचारलं की ही बाटली का घेतली, तर आपणहून म्युझिकचं नाव काढणारा फक्त एक निघाला. १९९७ मध्ये हे नेचर या जर्नलमध्ये छापून आलं.

म्हणजे आठवत नाही हा परिणाम झाला नसल्याचा पुरावा होत नाही. आपण कारण शोधतो तेव्हा वस्तूची किंमत, चव, लेबल असलं काहीतरी सांगतो कारण तेच समोर दिसत असतं. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा, बाटल्या एकूण शंभराच्या आतच होत्या, आणि वाइन ही अशी वस्तू आहे की बहुतेकांना नेमकं कोणती घ्यावी हे ठाऊक नसतं. जिथे आपली पसंती आधीच पक्की असते तिथे एवढा फरक दिसेल असं मी म्हणणार नाही.

३. ही कल्पना मुळात आली कुठून?

अमेरिकेत जॉर्ज ओवेन स्क्वायर नावाचे सैन्यातले मेजर जनरल होते, तारांमधून एकाच वेळी अनेक सिग्नल पाठवायचं तंत्र त्यांनी बसवलं, आणि त्यातूनच १९३४ मध्ये म्युझॅक ही कंपनी नावारूपाला आली. या कंपनीने फॅक्टरी आणि ऑफिसातल्या कामगारांसाठी पंधरा पंधरा मिनिटांचे गाण्यांचे ब्लॉक बनवले, प्रत्येक ब्लॉकमध्ये गाणी हळूहळू जास्त जोशाची होत जायची आणि मग तेवढाच वेळ शांतता. हेतू हा की काम करताना माणूस पेंगू नये. दुकानांमध्येही हे म्युझिक पोचलं, फक्त तिथे हेतू बदलला, ग्राहकाला घाई वाटू नये आणि जागा रिकामी वाटू नये. १९७३ च्या सुमारास मार्केटिंगवाले फिलिप कॉटलर यांनी लिहिलं की दुकानाचं वातावरण हेसुद्धा विकायचं साधन आहे, आणि त्यानंतर यावर मोजमाप करून होणारे अभ्यास वाढले.

४. स्लो गाणी लावावी की फास्ट?

यावरचा सगळ्यात गाजलेला अभ्यास १९८२ चा, रोनाल्ड मिलिमन यांचा. त्यांनी एका सुपरमार्केटमध्ये काही दिवस म्युझिक बंद ठेवलं, काही दिवस मिनिटाला ७२ ठोक्यांपर्यंतचं संथ म्युझिक लावलं आणि काही दिवस ९४ च्या पुढचं जलद. सगळं वाद्यांचं, शब्द नाहीत. मग दुकानात दोन ठिकाणं ठरवली आणि ग्राहकाला एकीकडून दुसरीकडे जायला किती सेकंद लागतात ते मोजलं. संथ म्युझिकला सरासरी साधारण १२८ सेकंद, जलदला १०९, आणि शांततेत १२०, म्हणजे मधोमध. संथ दिवसांची विक्री जलद दिवसांपेक्षा ३८.२ टक्के जास्त निघाली.

याच्या मागचं कारण अगदी साधं आहे. आपली पावलं ठेक्याच्या मागे जातात, ठेका संथ झाला की चालणं संथ होतं, चालणं संथ झालं की नजर शेल्फवर जास्त वेळ राहते, आणि नजर राहिली की यादीत नसलेली एखादी गोष्ट बास्केटमध्ये पडते. गाणं कोणाला "घे घे" म्हणत नाही, ते फक्त पाय हळू करतं.

५. मग आम्ही संथ गाणी लावली की आमचीही विक्री ३८ टक्के वाढेल ना?

नाही, आणि कोणी असं सांगून तुम्हाला साउंड सिस्टिम विकत असेल तर जपून राहा. तो आकडा एका दुकानाचा, एका काळातला, आणि तुलना संथ विरुद्ध जलद अशी आहे, संथ विरुद्ध शांतता अशी नाही. बरेच लोक इथेच फसतात, त्यांना वाटतं की शांत दुकानात स्पीकर लावला की एवढी वाढ होणार. प्रश्न १ मधला ३२ अभ्यासांचा हिशोब बघितलात तर असा मोठा आकडा हा अपवाद आहे हे कळेल.

दुसरं म्हणजे दुकान कसलं आहे त्यावर खूप अवलंबून आहे. मिलिमन यांनीच १९८६ मध्ये एका रेस्टॉरंटमध्ये हाच प्रयोग केला. संथ म्युझिकला लोक सरासरी ५६ मिनिटं बसले आणि जलदला ४५. जेवणाचं बिल जवळपास तेवढंच राहिलं, कारण पोट ठेक्याप्रमाणे मोठं होत नाही, पण बारचं बिल वाढलं. आता विचार करा, ज्या जागेत बाहेर माणसं टेबलासाठी ताटकळत उभी आहेत तिथे प्रत्येकाला अकरा मिनिटं जास्त बसवून मालकाचा फायदा होईल का तोटा? तिथे हिशोब उलटा होतो.

६. तुफान गर्दीच्या वेळी काय लावायचं?

यावर दोन अभ्यास एकमेकांच्या उलट बोलतात आणि मला वाटतं ते तसंच सांगितलं पाहिजे. २००५ मध्ये एरोग्लू, मॅक्लाइट आणि शेबा यांना असं आढळलं की गर्दी जास्त असेल तर संथ आणि गर्दी कमी असेल तर जलद म्युझिक ग्राहकांना बरं वाटतं, म्हणजे दोन्हीचा जोर एकत्र झाला की त्रास होतो. २०१७ मध्ये क्नोफर्ले, पाउस आणि फोसेन यांनी खऱ्या दुकानातली ४०,००० च्या वर बिलं तपासली, त्यात गर्दीच्या वेळी जलद म्युझिक असताना खर्च जास्त निघाला. त्यांचं म्हणणं असं की जोशाचं म्युझिक असलं की गर्दीचा त्रास कमी जाणवतो, ती गर्दी कोंडल्यासारखी न वाटता रंगात आल्यासारखी वाटते.

पहिल्याने मुख्यतः लोकांना कसं वाटलं ते बघितलं आणि दुसऱ्याने बिलं बघितली, त्यामुळे पैशाचा प्रश्न असेल तर मी दुसऱ्याला जास्त वजन देईन. पण गर्दीत आवाज वाढवू नका, ती वेगळी गोष्ट, पुढचा प्रश्न वाचा.

७. आवाज किती ठेवायचा?

कमी. माझं याबाबत ठाम मत आहे. दुकानातले दोन माणसं एका हाताच्या अंतरावरून नेहमीच्या आवाजात बोलत असतील आणि त्यांना आवाज चढवावा लागत नसेल तर तुमचा व्हॉल्यूम बरोबर आहे. नेहमीचं बोलणं साधारण ६० डेसिबलच्या आसपास असतं, त्याच्यावर म्युझिक गेलं की माणसं आपोआप मोठ्याने बोलायला लागतात, मग दुकानातला गोंगाट वाढतो, मग कोणीतरी जाऊन स्पीकर अजून वाढवतो, आणि तासाभरात कोणालाच कोणाचं ऐकू येत नाही. हे चक्र बंद करायचं असेल तर स्पीकर कमी करणं हाच उपाय.

१९६६ मध्ये स्मिथ आणि कर्नो यांनी सुपरमार्केटमध्ये मोठा आणि हळू आवाज आलटून पालटून लावून बघितलं. मोठ्या आवाजाला लोक लवकर बाहेर पडले, विक्री मात्र तेवढीच राहिली. काही जण याचा अर्थ असा काढतात की कमी वेळात तेवढीच विक्री म्हणजे फायदाच, आणि जिथे जागा अपुरी आहे तिथे ते खरंही असेल, पण विकणाऱ्याला ग्राहकाशी बोलायचं असतं अशा दुकानात मोठा आवाज म्हणजे स्वतःच्याच माणसाचं तोंड बंद करणं.

अजून एक ताजा अभ्यास २०१९ चा, बिस्वास आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. हळू आवाजाला लोकांनी पौष्टिक पदार्थ जास्त निवडले, मोठ्या आवाजाला उलट. कारण हे की हळू म्युझिकने मन निवांत होतं आणि निवांत माणूस जरा विचार करून घेतो. फ्रान्समधल्या बारमध्ये गेगेन यांनी ७२ डेसिबल आणि ८८ डेसिबल अशी तुलना केली, तिथे मोठ्या आवाजाला लोक जास्त आणि भराभर प्यायले. म्हणजे कोणाला काय विकायचंय त्यावर आवाजाचं गणित बदलतं हे खरं, पण तुमच्या स्टाफच्या कानांना ८८ डेसिबल दिवसभर चालणार नाहीत, ते प्रश्न १३ मध्ये.

८. क्लासिकल लावलं की लोक महागाचं घेतात म्हणे?

काही ठिकाणी हो. १९९३ मध्ये अरेनी आणि किम यांनी एका वाइनच्या दुकानात कधी क्लासिकल तर कधी त्या वेळची टॉप हिट गाणी लावली. क्लासिकलला बाटल्या जास्त खपल्या नाहीत, पण लोकांनी घेतलेल्या बाटल्या जास्त महाग होत्या. क्लासिकल ऐकलं की डोक्यात "उच्च, खास, जुनं" असं काहीतरी जागं होतं आणि हात त्या दिशेने जातो. प्रश्न २ मधल्या फ्रेंच-जर्मन प्रकरणात जे झालं त्याचाच हा दुसरा नमुना.

पण ज्या दुकानात लोक स्वस्त आणि मस्त शोधायला येतात तिथे असं म्युझिक लावलं तर लोकांना वाटेल इथे सगळं महाग असणार, आणि ते दारातूनच परत जातील. वस्तू, भिंती, लाईट, स्टाफचे कपडे एक सांगतायत आणि म्युझिक दुसरंच, असं झालं की ग्राहक गोंधळतो. म्हणून "कुठलं म्युझिक भारी" असं विचारण्यापेक्षा "आमच्या दुकानाला कुठलं शोभतं" असं विचारा.

९. सगळ्यांना माहीत असलेली हिट गाणी लावावी की अनोळखी?

यालच आणि स्पँगेनबर्ग यांचा २००० सालचा अभ्यास इथे उपयोगी आहे. ओळखीची गाणी चालू असताना लोकांनी सांगितलं की आम्ही बराच वेळ खरेदी केली, पण घड्याळ बघितलं तर अनोळखी गाण्यांना ते जास्त वेळ थांबले होते. म्हणजे वाटणं एकीकडे आणि घड्याळ दुसरीकडे. हा प्रयोग खऱ्या दुकानात नव्हता, दुकानासारखी जागा तयार करून केलेला होता, आणि प्रश्न १ मधला एकत्र हिशोब ओळखीच्या गाण्यांच्या बाजूने झुकतो, त्यामुळे यावर शेवटचा शब्द झालेला नाही.

माझं मत असं की ओळखीचं गाणं आलं की मन त्याच्या मागे जातं, पुढची ओळ आठवते, कोणी गुणगुणायला लागतं. निवांत फिरायच्या दुकानात हे छान. पण जिथे ग्राहकाला दोन मॉडेलची तुलना करायचीय, कागद वाचायचेत, तिथे हे मध्ये येतं.

१०. शब्द असलेली गाणी की नुसती वाद्यं?

वाचायचं, हिशोब करायचा, विक्रेत्याचं ऐकून घ्यायचं असं काम ग्राहकाकडे असेल तर वाद्यं. कानावर पडणारे शब्द आपण ऐकायचे नाहीत म्हटलं तरी मेंदू त्यांच्यावर थोडं काम करतोच, आणि कळणाऱ्या भाषेतले असतील तर जास्तच. कपडे, शोभेच्या वस्तू, खेळणी अशा ठिकाणी शब्दांनी काही बिघडत नाही. शब्द काय आहेत ते मात्र लावायच्या आधी पूर्ण ऐका, शिव्या किंवा नको त्या ओळी असलेलं गाणं लहान मुलं असलेल्या दुकानात वाजलं की तक्रार येणारच आणि ती रास्तच असते.

११. उदास चालीच्या गाण्यांनी विक्री पडते का?

तसं वाटतं खरं, पण २०१२ च्या एका अभ्यासात वेगळंच निघालं. क्नोफर्ले आणि सहकाऱ्यांनी टेम्पो म्हणजे लय आणि सूर दोन्ही एकत्र बघितले, तर मायनर सुरातली म्हणजे कानाला जरा गंभीर वाटणारी गाणी संथ असतील तेव्हा विक्री चांगली झाली, आणि मेजर म्हणजे प्रसन्न सुरात टेम्पोने काही फरकच पडला नाही. म्हणून प्रश्न ४ चा "संथ म्हणजे चांगलं" हा नियमसुद्धा अर्धाच आहे.

१२. बिलिंगच्या रांगेत गाणं लावलं की वेळ लवकर जातो का?

रांग कमी त्रासदायक वाटू शकते, पण "चांगलं गाणं म्हणजे वेळ पटकन जातो" हे सरळ खरं नाही. १९९२ मध्ये केलारिस आणि केंट यांनी तेवढ्याच लांबीचे वेगवेगळ्या सुरातले तुकडे ऐकवले, तर मेजर सुरातला तुकडा लोकांना सगळ्यात लांब वाटला आणि कानाला विचित्र, सूर न लागलेला वाटणारा सगळ्यात छोटा. याचा अर्थ रांगेत बेसूर लावा असा नाही. रांग लांब असेल तर दुसरा काउंटर उघडा, म्युझिक त्याची जागा घेऊ शकत नाही.

१३. मी दुकानात काम करते, तीच वीस गाणी दिवसभर ऐकून डोकं उठतं. मालकाला काय सांगू?

ताई, तुमचा प्रश्न सगळ्यात गंभीर आहे आणि यावर सगळ्यात कमी बोललं जातं. ग्राहक वीस मिनिटं येतो, तुम्ही आठ-नऊ तास असता. सगळे अभ्यास ग्राहकाला मोजतात, पण ज्याने हसून बोलायचं, चुका न करता बिल करायचं, तो माणूस त्याच आवाजात दिवस काढतो. गाणं पहिल्यांदा ऐकतो तेव्हा नीट लागत नाही, काही वेळा ऐकल्यावर आवडतं, आणि फार झालं की नकोसं होतं. वीस गाण्यांची लिस्ट साधारण सव्वा तासात संपते, म्हणजे एका शिफ्टमध्ये तेच गाणं सहा-सात वेळा, आणि आठवड्यात चाळीसच्या आसपास.

मालकाला हा हिशोब असाच मांडून दाखवा, चिडून सांगण्यापेक्षा हे जास्त पटतं. आणि मागणी नेमकी करा: लिस्ट इतकी लांब हवी की एका शिफ्टमध्ये कुठलंही गाणं दोनदा येऊ नये, म्हणजे निदान दीडशे गाणी. स्पीकर काउंटरच्या बरोबर डोक्यावर नको. अधेमधे पंधरा-वीस मिनिटं पूर्ण बंद. आणि गाणी निवडताना स्टाफमधल्या एकाला तरी विचारावं. कानांचं म्हणाल तर आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही अमेरिकेच्या निऑश या संस्थेने सांगितलेली हद्द आहे, आणि त्यावर दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो, म्हणजे ८८ ला चारच तास. मोबाईलवरच्या अ‍ॅपने साधारण अंदाज येतो, तो मोजून ठेवा.

१४. कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशी वेगळं लावायला हवं का?

हो, निदान वेगळा विचार तरी हवा. २०२३ मध्ये आलबोम आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात असं दिसलं की म्युझिकचा विक्रीवर चांगला परिणाम आठवड्याच्या कामाच्या दिवशी होतो, शनिवार-रविवारी तसा होत नाही. कारण असं देतात की कामाच्या दिवशी माणूस दमून, डोकं भरलेलं घेऊन दुकानात येतो, तेव्हा छान म्युझिकने त्याला बरं वाटतं आणि तो फार काथ्याकूट न करता निर्णय घेतो. सुट्टीला तो आधीच ताजा असतो.

१५. क्रिसमससारख्या सणाची गाणी किती आधी लावावी?

तारखेपेक्षा बाकी दुकान तयार आहे का ते बघा. २००५ मध्ये स्पँगेनबर्ग, ग्रोमन आणि स्प्रॉट यांनी क्रिसमसचा सुगंध आणि क्रिसमसची गाणी असा प्रयोग केला, तर दोन्ही एकत्र असताना लोकांना दुकान आवडलं, पण सुगंध सणाचा आणि गाणी साधी असं असताना सुगंधाचा काही फायदाच झाला नाही. सजावट, वास, माल आणि गाणी एकदमच येऊ द्या. आणि सणाची गाणी मोजकी असतात, त्यामुळे प्रश्न १३ मधला त्रास या दिवसांत सगळ्यात जास्त होतो, तेव्हा दर तीन-चार साध्या गाण्यांमागे एक सणाचं एवढं पुरे.

१६. माझ्या मुलाला ऑटिझम आहे, गाणी चालू असलेल्या दुकानात त्याला नेताच येत नाही. काही उपाय?

आवाज, लाईट आणि गर्दी एकदम आले की काही लोकांना ते खरोखर सोसत नाही, तो हट्ट नसतो. यासाठी काही सुपरमार्केट शांत तास ठेवतात. ऑस्ट्रेलियात कोल्सने २०१७ मध्ये ऑटिझमवर काम करणाऱ्या संस्थेबरोबर सुरू केला, ब्रिटनमध्ये मॉरिसन्सने २०१८ मध्ये शनिवारी सकाळचा एक तास ठेवला. या वेळात म्युझिक बंद, लाईट मंद, अनाउन्समेंट टाळलेल्या. तुमच्या नेहमीच्या दुकानात असा तास नसेल तर मॅनेजरला थेट विचारा, दुकान उघडल्या उघडल्याचा अर्धा तास तरी म्युझिक बंद ठेवा म्हणा, याला खर्च शून्य आहे. आणि दुकानवाल्यांनो, ऐकण्याचं मशीन लावणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनाही याचा तेवढाच उपयोग होतो, मागचं म्युझिक आणि समोरचं बोलणं वेगळं करणं त्यांना फार जड जातं.

१७. म्युझिक पूर्ण बंदच केलं तर धंदा बसेल का?

असं मानायला काही आधार नाही. ब्रिटनमधल्या मार्क्स अँड स्पेन्सरने २०१६ मध्ये आपल्या दुकानांतलं म्युझिक बंद केलं, ग्राहक आणि कर्मचाऱ्यांचं म्हणणं ऐकून. तिथे पाइपडाउन नावाची चळवळ १९९२ पासून याच मागणीसाठी काम करते. छोट्या, अगदी शांत दुकानात मात्र एक अडचण येते, एकटाच ग्राहक असेल तर त्याला स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू येतो, विक्रेत्याची नजर जाणवते आणि तो लवकर निघतो. तिथे हळू म्युझिक खरंच मदत करतं.

१८. माझ्या मोबाईलच्या अ‍ॅपवरून गाणी लावली तर चालतं ना? पैसे तर भरलेत.

बहुतेक ठिकाणी नाही चालत. तुम्ही भरलेले पैसे तुमच्या स्वतःच्या ऐकण्याचे आहेत, स्पॉटिफायसारख्या अ‍ॅपच्या अटींमध्येच लिहिलेलं असतं की वापर वैयक्तिक आणि बिगर-व्यापारी. दुकानात ग्राहकांसमोर गाणं वाजवणं कायद्यात सार्वजनिक सादरीकरण धरतात आणि त्याचं लायसन्स वेगळं असतं, ते गीतकार-संगीतकारांच्या आणि रेकॉर्डिंगच्या हक्कांच्या संस्थांकडून घ्यावं लागतं. छोट्या दुकानांना काय सूट आहे, रेडिओ लावला तर काय, हे देशागणिक बदलतं, तेव्हा आपल्या देशातल्या संस्थेला विचारूनच ठरवा. दुकानांसाठी लायसन्ससकट म्युझिक देणाऱ्या सेवा असतात, त्यांचे कागद नीट वाचा, नेमके कोणते हक्क त्यात धरलेत ते बघा. ज्याने गाणं बनवलं त्याला त्याचा वाटा मिळालाच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

१९. गाण्यांच्या आत "खरेदी करा" किंवा "चोरी करू नका" असे न ऐकू येणारे मेसेज लपवतात हे खरं का?

या समजाचं मूळ १९५७ मध्ये आहे. जेम्स विकरी नावाच्या माणसाने जाहीर केलं की थिएटरच्या पडद्यावर डोळ्याला न दिसणारे मेसेज टाकून मी खाण्यापिण्याची विक्री वाढवली. खूप गाजलं, पुढे त्यानेच कबूल केलं की त्या दाव्यामागे धड पुरावा नव्हता. न ऐकू येणाऱ्या वाक्याने माणूस पाकीट उघडतो असं दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. ऐकू येणारं साधं म्युझिक काय करतं हेच जास्त जाणून घेण्यासारखं आहे.

२०. हे मॅनिप्युलेशन नाही का? ग्राहक म्हणून मी काय करू?

माझ्या मते म्युझिक लावणं चुकीचं नाही, जसं चांगला लाईट लावणं चुकीचं नाही. पण ग्राहकाने भराभर, विचार न करता घ्यावं म्हणून मुद्दाम कान बधिर करणारा आवाज लावला जातो तेव्हा ते मला पटत नाही. ग्राहकाच्या हातात बरंच काही आहे. यादी करून जा आणि ती हातात धरा, कारण प्रश्न ४ मध्ये म्हटल्याप्रमाणे परिणाम यादीबाहेरच्या गोष्टींवर होतो. किती वेळ थांबायचं ते आधी ठरवा आणि घड्याळ बघा, वेळेचा आपला अंदाज म्युझिकमध्ये चुकतो (प्रश्न ९ आणि १२). मोठी खरेदी असेल तर बाहेर येऊन पाच मिनिटं शांत जागी थांबा आणि मग परत आत जा. हेडफोन लावले तर दुकानाच्या म्युझिकची जागा तुमचं म्युझिक घेतं एवढंच, तेही जोरदार असेल तर तुमचेच पाय भराभर चालणार.

२१. आमच्या दुकानात म्युझिकचा उपयोग होतोय का हे कसं तपासायचं?

हे नीट करणारे दुकानवाले फार कमी भेटतात, म्हणून पूर्ण सांगतो. एका वेळी एकच गोष्ट बदला, लय किंवा आवाज किंवा प्रकार, तिन्ही एकदम बदलले तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. आठवड्याचे वार आलटून पालटून घ्या, म्हणजे या सोमवारी संथ असेल तर पुढच्या सोमवारी जलद, नाहीतर तुम्ही म्युझिकऐवजी सोमवार आणि शनिवार यांचीच तुलना करत बसाल. त्यात काही दिवस म्युझिक पूर्ण बंद ठेवा, हे बहुतेक जण विसरतात, आणि मग प्रश्न ५ मधली चूक होते. निदान सहा-आठ आठवडे चालवा. सेल, पगाराचे दिवस, सण आणि मुसळधार पाऊस हे वहीत लिहून ठेवा आणि ते दिवस बाजूला काढा.

नुसता दिवसाचा गल्ला बघू नका. बिलं किती झाली, एका बिलात सरासरी किती वस्तू होत्या आणि कितीचं बिल झालं, हे वेगवेगळं मांडा. लोक आत जास्त येतायत की आलेले जास्त घेतायत हे त्यावरून कळतं, आणि म्युझिकचा संबंध मुख्यतः दुसऱ्याशी आहे. शिफ्ट संपल्यावर स्टाफला रोज एकच प्रश्न विचारा, आज आवाजाचा त्रास झाला का, हो किंवा नाही, तेही त्याच वहीत. विक्रीत फरक दिसला नाही आणि स्टाफचे "हो" कमी झाले, तर ज्या दिवशी ते कमी होते त्या दिवसाची सेटिंग कायम ठेवा.